‘आते सायन्सज ना?’

१३ मे २०२५ ला दुपारी एक वाजता दहावीचा निकाल लागला आणि रात्री नऊच्या सुमारास आमच्या ओट्यासमोर एक मोटरसायकल थांबली. गावात दूध संकलन केंद्र चालवणारे गृहस्थ आले होते. मागे त्यांची मुलगी, हातात मोबाइल, मोबाइलमध्ये गुण. खुर्चीवर टेकायच्या आधीच ते म्हणाले, “पोरले ८७ टक्का पडनात, मॅडम. आते सायन्सज ना?”

त्या ‘ना’ला उत्तर नको होतं. घरी ठरलेल्या गोष्टीवर मॅडमचा शिक्का हवा होता. मुलगी खाली बघत होती.

मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावात माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, त्याला आता एकोणीस वर्षं होतील. आमची शाळा दहावीला संपते, म्हणजे जूनपासून मुलं गावाबाहेरच जाणार. कुणी अमळनेरला, कुणी जळगाव-धुळ्याला, कुणी थेट बापाबरोबर कपाशीत. त्या वळणावर घरातली माणसं शेवटचं ज्याला विचारतात तो शाळेतला शिक्षक, आणि शिक्षकाला बहुतेक वेळा गुणांपलीकडचं काही माहीत नसतं. मलाही नव्हतं. ऐंशीच्या वर सायन्स, साठच्या वर कॉमर्स नाहीतर डिप्लोमा, त्याखाली आर्ट्‌स आणि आयटीआय. ही उतरंड मी कित्येक वर्षं बिनदिक्कत सांगत आले.

ती मोडली एका मुलामुळे. २०२१ ची बॅच. करोनामुळे दहावीची परीक्षाच झाली नाही. नववीच्या निकालाचे ५०, दहावीच्या वर्षातल्या लेखी मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिक वगैरेचे २०, असे १०० पैकी गुण आम्ही शिक्षकांनीच भरले. राज्याचा निकाल ९९.९५ टक्के लागला. या मुलाला ९२ टक्के पडले. त्यातले गणित-विज्ञानाचे गुण माझ्या हातचे होते आणि ते देताना मी कुठेही सैल हात ठेवला नव्हता, मुलगा खरोखर हुशार होता. वडिलांनी विचारलं तेव्हा मी एका दमात सांगितलं, “सायन्स, आणि नीटची तयारी.” त्यांनी दोन बिघे गहाण ठेवले आणि पोराला परगावच्या मोठ्या क्लासला घातलं. कॉलेज कागदावर, मुलगा दिवसभर क्लासमध्ये, रात्री खोलीत. २०२३ ला बारावीत तो फिजिक्समध्ये नापास झाला. नीटचा तर विषयच नव्हता.

गावात आल्यावर तो महिनाभर घराबाहेर पडला नाही. मी भेटायला गेले. त्याच्या बोलण्यात माझ्याविषयी राग असता तर मला सोपं गेलं असतं. तो म्हणाला, “मॅडम, मला पहिल्या दोन महिन्यांतच कळलं होतं, हे माझं नाही. पण घरी सांगणार कसं? पैसे भरून झाले होते.” आणि मग थोड्या वेळाने, “लहानपणापासून मी आमच्या विहिरीवरची मोटर खोलून परत बसवतो, तुम्हाला माहीत होतं ना?” मला माहीत होतं. शाळेतला पंखा बंद पडला की आम्ही त्यालाच हाक मारायचो. पाच वर्षं ते बघूनही, सल्ला देताना मला फक्त ९२ हा आकडा दिसला होता.

त्याच वर्षी तो दहावीच्या गुणांवर आयटीआयला इलेक्ट्रिशियनला लागला. मी मात्र तेव्हाच मनाशी धरलं की इथून पुढे निकालानंतर सल्ला द्यायचा नाही. त्याआधीच काहीतरी करायचं.

ते ‘काहीतरी’ २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सुरू झालं. दहावीच्या ६१ मुलांना मी एक पान लिहायला दिलं. ‘मोठेपणी कोण व्हायचंय’ असं विचारलं नाही, त्यावर मुलं पाठ केलेलं लिहितात. मी विचारलं, “घरची शेती सोडून कुणाचं काम तुम्ही अगदी जवळून, निदान अर्धा दिवस तरी पाहिलंय?” पानं वाचताना माझाच जीव कासावीस झाला. शिक्षक, दुकानदार, डॉक्टरांच्या दवाखान्यातली नर्स, ट्रॅक्टरचा ड्रायव्हर, पोलीस, फौजेतला मामा. ६१ मुलांच्या पानांत मिळून कामं जेमतेम दहा-बारा. जे पाहिलंच नाही त्यातून निवड करा म्हणणारे आपण मोठे लोक किती अन्याय करतो! २०१६ पासून काही वर्षं दहावीला सरकारी कलचाचणी होत असे. चाचणीत ‘तांत्रिक क्षेत्राकडे कल’ असं आलं, तरी ज्याने वर्कशॉप पाहिलेलं नाही त्या मुलाला त्याचा अर्थ काय लागणार?

म्हणून जानेवारीत बस ठरवली. सहलीला नेहमी आपण किल्ला नाहीतर मंदिर दाखवतो. या वेळी पहिला दिवस तालुक्याचा आयटीआय आणि दुसरा दिवस जळगावचं शासकीय तंत्रनिकेतन. मुख्याध्यापकांनी परवानगी दिली, पण काही पालकांनी “हे काय बघायचं?” म्हणून पैसे दिले नाहीत. त्यांचं आम्ही शिक्षकांनी मिळून भरलं.

आयटीआयमध्ये फिटरच्या विभागात मुलं वाइसला लावलेला लोखंडी तुकडा कानशीने घासत होती. निदेशक म्हणाले, पहिले कित्येक दिवस हेच, बाजू सरळ होईपर्यंत घासायचं, काटकोन बघायचा गुण्या लावायचा, फट दिसली की पुन्हा घासायचं. आमची अर्धी मुलं पाच मिनिटांत कंटाळली. दोन मुलं मात्र तिथून हलेनात. मी वहीत त्यांची नावं लिहून घेतली. त्या दिवशी मला समजलं की आपण मुलांकडे नाही, मुलं कुठे थांबतात त्याकडे बघायचं.

इलेक्ट्रिशियनच्या खोलीत तोच मुलगा उभा होता, २०२१ चा. आता दुसऱ्या वर्षाला. त्याने भिंतीवरच्या बोर्डावर जिन्याच्या दिव्याचं कनेक्शन करून दाखवलं, एक बटण खाली, एक वर, दोन्हीकडून दिवा लागतो आणि विझतो. मग सगळ्या वायरी काढून म्हणाला, “आता तुमच्यातलं कोण करेल?” एक मुलगी पुढे झाली, वर्गात ५५ टक्क्यांच्या पुढे कधी न गेलेली. तिसऱ्या प्रयत्नात दिवा लागला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती हसली नाही, काहीच नाही, पुन्हा स्क्रू सोडायला लागली, कारण तिला ते आणखी एकदा करायचं होतं.

नंतर त्याने मुलांना स्वतःची हकिकत सांगितली. मी सांगायला लावली नव्हती. दोन बिघ्यांसकट सगळं सांगितलं. माझं नाव मात्र घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसने जळगाव. तंत्रनिकेतनात सिव्हिलच्या प्रयोगशाळेत काँक्रीटचे पंधरा सेंटिमीटरचे ठोकळे मशीनमध्ये दाबून फोडतात. काही ठोकळे सातव्या दिवशी फोडायचे, काही अठ्ठाविसाव्या, तोवर ते पाण्यात बुडवून ठेवायचे. आमच्यात एक गवंड्याचा मुलगा आहे. कधी हात वर न करणारा. त्याने सरांना विचारलं, “पाणी जास्त झालं तर लवकर फुटतो का? आमचे बाबा माल हातात घेऊन मुठीने बघतात.” सर थबकले. म्हणाले, “तुझे बाबा बरोबर बघतात. पाणी वाढलं की ताकद घटते. ते हाताने बघतात, आम्ही मोजून बघतो.” त्या मुलाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. आपल्या घरात जे चालतं तेच इथे मशीन लावून शिकवतात, हे त्याला बहुधा त्या क्षणी कळलं असावं.

फेब्रुवारीत पालकांची सभा घेतली, संध्याकाळी सात वाजता शाळेच्या व्हरांड्यात. इथे माझी एक चूक झाली. सात ही दूध घालायची वेळ. ज्यांच्या घरी जनावरं आहेत ते आलेच नाहीत, आणि संकलन केंद्रवाले तर येऊच शकत नव्हते. १३ मेच्या रात्री माझ्यासमोर तो प्रश्न जसाच्या तसा आला, त्याचं कारण हे.

सभेत मी खडूने फरशीवरच रस्ते काढले. दहावीनंतर अकरावी-बारावी. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा, आणि तिथून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, आणि तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला. बारावी सायन्स करूनही डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. जिथे दार बंद होतं तेही सांगितलं, कारण ते कुणी सांगत नाही. डी. फार्मसी करायची तर बारावी सायन्सच लागते. जीएनएम नर्सिंगला बारावी लागते, दहावीनंतर लगेच ‘नर्सिंग’ म्हणून कुणी प्रवेश देत असेल तर आधी कागद बघा. डी.एड. बारावीनंतर. कागदावर हे सगळं आधीही होतं, पण फरशीवर रेघा एकमेकींना जाऊन मिळाल्या तेव्हा एक आजोबा उठून उभे राहिले. “मंग आयटीआयना पोऱ्या बी इंजिनिअर व्हई सकस का?” हो म्हटल्यावर ते त्या रेघेवरून अक्षरशः चालून आले, आयटीआयपासून डिग्रीपर्यंत. लोकांना वाटतं आयटीआय म्हणजे शिक्षण संपलं. ‘डाव्या पोराची जागा’ असं ते म्हणतात. हा शब्द मला फार लागतो. ज्याच्या हातात कला आहे तो पोर डावा कसा?

मग कागदपत्रं. यावर मी जास्तच लिहिणार आहे, कारण मुलाचं वर्ष बहुधा इथेच बुडतं आणि दोष मात्र गुणांना दिला जातो. निकालानंतर सेतू केंद्रात रांगा लागतात, सर्व्हर अडतो, आणि फॉर्मची तारीख निघून जाते. आम्ही मार्चमध्येच प्रत्येकाची यादी केली. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. नॉन-क्रिमीलेअरवर मुदत ३१ मार्चची लिहिलेली असते. एका मुलीकडे दाखला होता, घरचे निश्चिंत होते. मी मागची बाजू बघितली तर मुदत त्याच महिनाअखेरीस संपत होती. दुसऱ्या एकाच्या आधारवर वडिलांचं नाव एक आणि शाळेच्या रजिस्टरवर दुसरं.

सगळ्यात कठीण होतं वायर जोडणाऱ्या त्या मुलीचं. घरात जातीचा दाखला कुणीच काढलेला नव्हता. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा मागतात, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. तिचे आजोबा शाळेतच गेले नव्हते. वडील म्हणाले, “जाऊ द्या मॅडम, आपण ओपनमधून भरू.” मी जाऊ दिलं नाही. आजोबांचा थोरला भाऊ शेजारच्या गावी मामाकडे राहून दुसरीपर्यंत शिकला होता, हे घरातल्या म्हाताऱ्या आजींना आठवलं. त्या गावच्या जिल्हा परिषद शाळेतलं जुनं जनरल रजिस्टर उघडलं. पानं हाताला लागताच तुटत होती. तिथल्या मुख्याध्यापकांनी स्वतः दोन तास बसून नोंद शोधली, १९५४ ची, नाव आणि जात स्पष्ट. पण हा भाऊ सख्खा कशावरून? त्यासाठी तहसीलच्या अभिलेख कक्षातून गाव नमुना १४ ची नक्कल काढली, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंदवही, जुनी माणसं कोतवाल बुक म्हणतात ते. चार फेऱ्या झाल्या. दाखला हातात आला ६ जूनला. त्या मुलीच्या वडिलांनी तो घडी करून टोपीत ठेवला.

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच सगळ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्याआधी ती पद्धत मोठ्या शहरांपुरती होती. आमच्याकडे कॉलेजात जाऊन फॉर्म भरला की झालं. २१ मेला संकेतस्थळ सुरू झालं आणि अडकलं, २६ पासून नीट चाललं. गावात नेटवर्क शाळेच्या गच्चीवर चांगलं येतं, म्हणून आम्ही गच्चीवर सतरंजी टाकली. जास्तीत जास्त दहा पसंतिक्रम भरता येतात. मुलं मित्राचं बघून पहिल्या क्रमांकावर जळगावचं नावाजलेलं कॉलेज टाकत होती. मी प्रत्येकाला एकच विचारायचे, “पहाटे किती वाजता निघशील आणि परत किती वाजता येशील, लिही.” कारण पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं तर तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून नाव बाद. सव्वापाचची एसटी आणि रात्री आठला घर, हे कागदावर लिहिल्यावर सहा मुलांनी पसंतिक्रम स्वतःच बदलले. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो, हेही काही घरांत तिथे गच्चीवरच कळलं.

आयटीआयच्या अर्जात वेगळाच घोळ. अर्ज भरला, पैसे भरले, की मुलांना वाटतं काम झालं. पण मूळ कागद घेऊन आयटीआयमध्ये जाऊन अर्ज निश्चित करावा लागतो, आणि त्यानंतर ट्रेड आणि संस्थेचे विकल्प वेगळे भरावे लागतात. निश्चित न केलेला अर्ज गुणवत्ता यादीत येतच नाही. आधीच्या वर्षी आमच्या दोन मुलांचं यातच वर्ष गेलं होतं.

आता दुधवाल्यांच्या मुलीचं सांगते.

त्या रात्री मी सायन्स नको असं म्हटलं नाही. मी विचारलं, “केंद्राचं दहा दिवसांचं बिल कोण काढतं?” वडील म्हणाले, “हीच. माझ्याच्याने ते फॅट-डिग्रीचं गणित होत नाही. सत्तर घरांचं दूध आहे.” “आणि जुळलं नाही तर?” “मग झोपत नाही. पाच रुपयांसाठी रात्री बारापर्यंत बसते.” एवढं बोलून ते स्वतःच थांबले. इतका वेळ गप्प असलेली पोरगी म्हणाली, “मॅडम, बेरीज जुळली ना, की मला बरं वाटतं.”

घरातल्या मुलीचं काम हे काम म्हणून दिसत नाही, ते घरकामात जमा होतं. तीन वर्षं ती सत्तर कुटुंबांचा हिशेब चोख ठेवत होती आणि तिच्या वडिलांना तो गुण वाटला नव्हता. मलाही शाळेत तिचं गणित चांगलं एवढंच दिसलं होतं.

आम्ही आठ दिवसांचा करार केला. अमळनेरला माझ्या ओळखीचे एक कर सल्लागार आहेत, त्यांच्या कार्यालयात तिने आठ दिवस बसायचं, पावत्या लावायच्या, नोंदी बघायच्या. आणि रोज संध्याकाळी अकरावीच्या फिजिक्सचं एक प्रकरण माझ्याकडे वाचायचं. फिजिक्स तिला समजत होतं, अडचण तशी काहीच नव्हती. सायन्स तिला झेपलंही असतं. पण आठव्या दिवशी ती वडिलांना म्हणाली की तिला कॉमर्स हवं, गणित घेऊन, आणि पुढे सीए. वडील दोन दिवस बोलले नाहीत. ८७ टक्के आणि कॉमर्स, गावाला काय सांगायचं, हे त्यांचं दुःख खरं होतं. मी त्याला हसणार नाही. गावात माणसाला रोज उठून त्याच लोकांत वावरायचं असतं. शेवटी फॉर्म भरताना ते स्वतः गच्चीवर आले आणि पहिल्या ओळीत काय भरलंय ते चष्मा लावून वाचलं. जूनच्या अखेरीस पहिल्या यादीत तिला अमळनेरचं कॉलेज लागलं.

सगळ्यांचं असं झालं नाही. कानशीपाशी थांबलेल्या दोघांपैकी एकाला फिटर मिळाला, दुसऱ्याच्या वडिलांनी त्याला सायन्सलाच घातलं. माझ्याशी ते बोलत नाहीत. एक मुलगी, जिला नर्स व्हायचं होतं, तिला अकरावीला पाठवलंच नाही. आजी आजारी आहे, घरी कुणीतरी हवं. तिच्या घरी मी पाच वेळा गेले. सहाव्यांदाही जाणार आहे. वायरवाल्या मुलीला इलेक्ट्रिशियन मिळाला, मुलींसाठीच्या ३० टक्के राखीव जागांमधून. वर्गात तिच्यासोबत आणखी तीनच मुली आहेत.

२०२१ चा मुलगा आयटीआय उत्तीर्ण झाला आणि ऑगस्टमध्ये त्याने मध्य रेल्वेच्या भुसावळच्या शिकाऊ उमेदवारीसाठी अर्ज केला. तिथली गुणवत्ता यादी दहावीचे आणि आयटीआयचे गुण मिळून लागते. फॉर्म भरताना त्याने मला फोन केला, “मॅडम, ते ९२ टक्के कामाला आले.” मला पटकन बोलता आलं नाही.

गवंड्याचा मुलगा जळगावला सिव्हिलला आहे, वसतिगृहात राहतो. दिवाळीत आला तेव्हा बापलेक नव्या घराच्या स्लॅबवर उभे होते. मुलगा सांगत होता, अठ्ठावीस दिवस पाणी मारा. वडील ऐकत होते.

या वर्षीची बस ठरली आहे. दहावीला ५८ मुलं आहेत. पालकांची सभा या वेळी रात्री साडेआठला ठेवली, दूध घालून झाल्यावर. पुढच्या रांगेत दूध केंद्रवाले होते. सभा संपल्यावर गवंडी माझ्यापाशी येऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन. यंदा त्यांचं कुणी दहावीला नाही. “बसमा एक जागा व्हई का, मॅडम? ते ठोकळा फोडानं मशीन माले बी दखाडा ना.”